मीठ धरेपर्यंत

आगमनाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळची वाट बघायच्या चार रविवारांपैकी पहिल्या दिवशी, पाळकांनी वेदीवरची पहिली मेणबत्ती लावली आणि नेमका तेव्हाच पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. सगळं चर्च, म्हणजे खाडीकाठच्या वाडीतली मोजकी ख्रिस्ती घरं, माना वर करून छपराकडं बघायला लागली. दिवाळी होऊन गेली, थंडी पडायला लागली, आणि आता हा पाऊस! शकूनं पलीकडच्या बाकावर बसलेल्या सासऱ्याकडं बघितलं. तुळशीराम डोळे मिटून बसला होता. ओठ हलत होते. मिठागराचा बांध त्याच्या डोळ्यांपुढं आहे, हे तिला इथूनच कळत होतं.

ती वाकून त्याच्या कानाशी गेली. "आबा, आज पुनवंची भरती हाय. वरनं ह्यो पाऊस. बांध नाय टिकायचा."

"उपासना होऊ दे," तो डोळे न उघडता म्हणाला. "देव सांबाळतो."

"देव सांबाळतो, पन फावडं आपल्यालाच मारावं लागतं," असं म्हणून शकू उठली. तिनं नवऱ्याला, केतनला, डोळ्यांनीच खुणावलं आणि चपला न घालताच बाहेर पळाली.

केतन कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचा. रविवार म्हणून घरी होता. त्यांची मुलगी मनस्वी खारघरच्या कॉलेजात जायची. तीही पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून आईबापामागं धावली. मिठागरावर पोचेपर्यंत तिघंही निथळत होती. बांधावरून बघितलं तर जे व्हायचं ते झालेलंच होतं. मिठाचे कप्पे पावसानं धुऊन निघाले होते. आठवडाभर तळाशी धरत आलेलं कोवळं मीठ साखरेसारखं विरघळून गेलं होतं. पण त्याहून वाईट पुढंच होतं. दिवाळीपासून उन्हात तापवून घट्ट केलेलं खारं पाणी ज्या मोठ्या तळ्यात साठवलं होतं, त्या तापवणीचा खाडीकडचा बांध उघाडीजवळ, म्हणजे पाणी आत घ्यायच्या दाराजवळ, फुटला होता. ओहटी लागली की हे पाणी खाडीत जाणार. मग हंगाम संपला. पुन्हा नवं पाणी घ्यायचं, पुन्हा तापवायचं, तर शिमगाच उजाडायचा.

"गोणी आना! पेंढा आना!" शकू ओरडली. केतन मिठागरावरच्या झोपडीकडं धावला. भगदाड वाढत चाललं होतं. चिखलाची ढेकळं सुटून पाण्यात पडत होती. शकूनं इकडंतिकडं बघितलं. हाताशी काहीच नव्हतं. तिनं नाताळच्या आधी एकदाच नेसायची म्हणून काढलेली अबोली साडी वर खोचली आणि सरळ त्या भगदाडात पाठ टेकून बसली. पाय समोरच्या दगडात रोवले. पाणी तिच्या पाठीवर लोटायला लागलं. गार, जड, जशी काही गाय रेटते आहे.

"आई, उठ! वाहून जाशील!"

"तू चिखल टाक मानेपर्यंत! बगत नको राहू!"

मनस्वी दोन्ही हातांनी चिखल उपसून आईच्या दोन्ही अंगांना थापायला लागली. केतन गोणी घेऊन आला. मागोमाग तुळशीराम आला, धोतर गुडघ्यावर घेऊन, डोक्यावर चर्चची सतरंजी पांघरून. आणि त्याच्यामागून शेजारची गोदू, तिचा नवरा, तिचे दीर. आगरी घरं, त्यांना ना आगमन, ना मेणबत्ती. पण बांध फुटला ही हाक या काठावर कुणी जात विचारून ऐकत नाही. हातोहात गोणी आल्या, पेंढा आला, वर चिखल आला. शकूला शेवटी दोघांनी बगलेत हात घालून भगदाडातून उपटून काढलं तेव्हा तिच्या पाठीचा ठसा बांधात तसाच उमटला होता.

गोदूनं तिला शेकोटीशी बसवून पाठीला तेल चोळलं. "यडी गं बाय तू. देवाला भ्यायचं सोडून पान्याच्या तोंडात बसली."

"निम्मं तरी ऱ्हायलं का?" शकूचे दात वाजत होते.

तुळशीराम तापवणीत उतरून पाणी तळव्यात घेऊन बघत होता. बोटं एकमेकांवर घासत होता. "ऱ्हायलंय," तो म्हणाला. "घट्ट पानी तळाला बसतं. वरचं गेलं, खालचं ऱ्हायलं." आणि पावसात उभ्यानंच त्यानं डोक्यावरची सतरंजी काढून हात जोडले.

*

पाऊस थांबला आणि उन्हं पडली, तसा परेश शेठ आला. मिठागर त्याचं. त्याच्या वडलांनी, थोरल्या शेठनी, तुळशीरामच्या बापामागं तुळशीरामच्या हाती दिलेलं. अर्धं मीठ शेठचं, अर्धं राबणाऱ्याचं. थोरले शेठ हंगामात येऊन बांधावर बसायचे, भाकरी खायचे. परेश पनवेलला नव्या टॉवरात राहायचा. तो वाईट माणूस नव्हता, पण मिठागर त्याला कधी नीट दिसलंच नव्हतं. आज त्याच्याबरोबर कळंबोलीची दोन माणसं होती, पांढऱ्या बुटातली. त्यांना ट्रेलर उभे करायला जागा हवी होती.

"काका," परेश तुळशीरामला म्हणाला, "यांना एक फक्त रफ मेजरमेंट घ्यायचंय. जरा टेपचं टोक धरता का? चिखल आहे, यांचे बूट खराब होतील."

शकू झोपडीच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. सासऱ्यानं टेपचं टोक धरलं आणि स्वतःच्या बापानं बांधलेल्या बांधावरून चालत गेला. कोपऱ्यावर वाकला. टोक जमिनीला टेकवलं. पांढऱ्या बुटातल्या माणसानं लांबून अंगठा दाखवला. पुन्हा दुसरा कोपरा. पुन्हा वाकला. शकूनं हातातलं सूप खाली ठेवलं. ती उठून गेली आणि सासऱ्याच्या हातातून ते टोक काढून घेतलं.

"शेठ, मीठ धरायच्या आदीच कसला भराव टाकताव?"

"वहिनी, मीठ कुठं आहे?" परेशनं रिकाम्या कप्प्यांकडं हात केला. त्याच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता, खरंच विचारत होता. "मला दिसू तर द्या. गेल्या वर्षी पाऊस, यंदा पाऊस. हे लोक वर्षभर थांबणार नाहीत."

"नाताळपर्यंत थांबा," शकूच्या तोंडून निघून गेलं. "नाताळच्या दिशी या. मीठ दाखवते."

तुळशीरामनं चमकून तिच्याकडं बघितलं. परेशनं पांढऱ्या बुटांकडं बघितलं. त्यातल्या एकानं खांदे उडवले.

"ठीक आहे," परेश म्हणाला. "नाताळला येतो. मीठ असलं तर बोलू. नसलं तर मग मला अडवू नका."

गाडी गेली तशी तुळशीराम म्हणाला, "सूनबाय, मीठ काय तुज्या-माज्या सांगन्यावर येतं व्हय? वारा देवाचा, ऊन देवाचं. आपुन निस्ती वाट बगायची."

"मग वाटच बगायची ना? त्येला तारीख सांगितली म्हंजे देवालाबी आयकू गेली असंल."

म्हातारा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

*

कप्प्यांचा तळ पावसानं मऊ पडला होता. मऊ तळावर मीठ धरत नाही, चिखल धरतो. तो तळ पुन्हा पायांनी तुडवायचा, लाकडी धोपटण्यानं चोपायचा, सुकू द्यायचा, पुन्हा चोपायचा. पाटासारखा व्हायला पाहिजे. पाऊल ठेवलं तर उमटता कामा नये. पहाटे दव असतानाच शकू आणि तुळशीराम उतरायचे. खाऱ्या चिखलानं टाचांच्या भेगा उघडायच्या. संध्याकाळी शकू त्यात मेण भरायची, मनस्वी म्हणायची, "आई, चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्त्या तुझ्या टाचांतच जाणार."

केतन पाळी करून यायचा आणि क्रेनवर बसून आखडलेलं अंग घेऊन थेट चिखलात उतरायचा. मनस्वी कॉलेजातून आली की धोपटणं घ्यायची आणि चोपता चोपता नाताळच्या गाण्यांची उजळणी करायची. ठोक्याला ठेका. "ये-तो-ये-तो रा-जा ये-तो," धप, धप. गाणं पाळकांनीच रचलेलं, चाल शेतात राबताना म्हणायच्या भलेरीची. गोदू बांधावरून जाताना थांबायची आणि टाळी द्यायची. "ए मनू, तुमचा देव नाचत येनार वाटतं या ठोक्यावर!"

डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं पोट दाखवत जायची. तुळशीराम मान वर करायचा नाही. दुसऱ्या रविवारी दुसरी मेणबत्ती लागली, तिसऱ्या रविवारी तिसरी. तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर सगळी वाडीच बांधावर आली. पाळकांनी लहानशी प्रार्थना केली. तुळशीरामनं तापवणीचा मोहोरा, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, खोललं आणि घट्ट, किंचित तांबूस पाणी सरसर करत कप्प्यांत उतरलं. पोरांनी आरडाओरडा केला. शकूच्या काळजात असं काही धडधडायला लागलं, जसं लग्नाच्या आदल्या दिवशी धडधडलं होतं.

"आता?" तिनं विचारलं.

"आता काय? आता हात मागं बांदायचे," तुळशीराम म्हणाला. "पान्याला बोट नाय लावायचं. काम होतं तवर सोपं होतं सूनबाय. आता खरं काम."

शकूला हेच तर जमायचं नाही. भात शिजायच्या आधी झाकण उघडणारी बाई ती. दिवसातून कितीदा बांधावर जायची त्याला सुमार नव्हता. जायची, उकिडवी बसायची, पाण्यात बघायची. पाणी तसंच. तिचं तोंड दिसायचं आणि आभाळ दिसायचं. आणि आभाळ बरं नव्हतं. दुधी ढग आले होते. ऊन फडक्यातून गाळल्यासारखं पडायचं. वारा खारा, दमट, खाडीवरचा. उत्तरेचा कोरडा वारा सुटेना. कपडे दोरीवर दोन दोन दिवस ओले राहायचे, मग पाणी कसं आटणार?

घरात करंज्या व्हायला लागल्या होत्या. शकू सारण भरायची आणि मुरड घालता घालता हात थांबायचा. एकदा ती करंजी तशीच पोळपाटावर टाकून उठली, बांधावर गेली आणि बोट पाण्यात बुडवून चाटलं. जीभ पोळली. मागं तुळशीराम उभा.

"आबा, पानी तर मिठाहून खारट झालंय! मग धरत का नाय?"

"तुज्या पोटात केतनची पोर व्हती तवा तू काय रोज पोट उगडून बगत व्हतीस?"

शकू ओशाळली. मग हसत सुटली. मग तिचे डोळे भरून आले. "मी बोलून बसले आबा. शेठला. माज्या तोंडामुळं..."

"तू बोलली म्हून त्यो गेला. नायतर त्या दिशीच डंपर आला असता." तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "माजा बा म्हनायचा, आमी मिठागरवाल्यांनी आगमनाचे रविवार दुसऱ्यांवानी नुसते बसून नाय काडायचे. आपलं तर वर्षभर आगमनच. पानी घेतलं की वाट. ऊन पडलं की वाट."

त्या संध्याकाळी घराच्या दारावर मनस्वीनं बांबूच्या कामट्यांची चांदणी टांगली, आत बल्ब सोडला. चांदणी लटकली, गरकन फिरली आणि तोंड दक्षिणेला करून तशीच ताणून राहिली. केतन दारात भाकरी खात बसला होता. त्याचा घास हातातच राहिला.

"शके! वारा फिरला!"

सगळे बाहेर आले. गालाला लागत होता. कोरडा, गार, उत्तरेचा. दोरीवरचे कपडे फडफडायला लागले. गोदू तिच्या अंगणातून ओरडली, "आला गं बाय, आला!" जसा काही पाहुणाच आला होता.

*

नाताळच्या आदल्या दिवशी दिवस कलताना शकू बांधावर गेली आणि जागीच थबकली. पाण्यावर साय आली होती. दुधावर येते तशी, पातळ, कडेनं किंचित सुरकुतलेली. तिरपं ऊन पडलं की चमचमायची. ही साय हळूहळू जड होऊन तळाला बसते आणि मीठ धरतं. वर नवी साय येते. हात नाही लावला तर रात्रीतून तळ भरतो. हात लावला, ढवळलं, तर त्याचं पीठ होतं आणि कप्पा वाया जातो.

ती आनंदानं ओरडणार, तोच तिला कप्प्याच्या पलीकडच्या टोकाला तुळशीराम दिसला. धोतर खोचलेलं. हातात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी. एक पाय पाण्यात होता.

"आबा!"

तो दचकला नाही. तिच्याकडं बघितलंही नाही. "थोडं ओढून घेतो," तो म्हणाला. "पाटीभर. उद्या शेठला दाखवायला."

"साय मोडंल आबा. अख्खा कप्पा जायल."

"जाऊ दे. पाटीभर तर मिळंल." त्याचा आवाज चिरकला. "उद्यापर्यंत ढग आला तर? भरतीनं बांध फुटला तर? मना आता ताकद नाय ऱ्हायली सूनबाय. त्या मानसांनी माजा बांध मापला. मी टोक धरलं. मी! उद्या पुना धरू?"

शकूनं या माणसाला कधी असं बघितलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून घरात सगळ्यांना 'थांबा' म्हणणारा हाच. सासू गेली तेव्हा, केतनचं बोट क्रेनच्या साखळीत सापडलं तेव्हा, सगळे रडत असताना, देव येतो, जरा थांबा म्हणणारा हाच. तिला वाटलं, आपणच जाऊन फळी ओढावी. तिच्याच हातांना जास्त खाज सुटली होती. पाटीभर मीठ, उद्या शेठच्या पायाशी ओतायचं, आणि बघ म्हणायचं!

ती बांधावरून सावकाश चालत त्याच्याजवळ गेली. पाण्यातल्या त्याच्या पायाला हात लावला.

"आबा, पाय काडा."

"सूनबाय..."

"तुमी आमाला शिकवलं आन आता तुमीच घाई करताव? काडा पाय. हळू. साय हलता कामा नये."

त्यानं हळूच पाय काढला. पाण्यावर एक गोल फाटला, आणि दोघंही श्वास धरून बघत राहिले. फाटलेली साय हळूहळू एकमेकीला येऊन टेकली.

तुळशीराम बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. शकूनं फळी त्याच्या हातातून घेतली आणि दूर झोपडीला टेकवून ठेवली. "चला," ती म्हणाली. "रातच्या उपासनेला चारी मेणबत्त्या जळतायत. पाळक वाट बगत असतील. आज तुमीच प्रार्थना सांगायची."

"मी? आज?"

"आजच."

*

नाताळची उपासना लांबली. चर्च फुलांनी आणि नव्या कपड्यांच्या वासानं भरलं होतं. मनस्वी पोरांना घेऊन गायला उभी राहिली, तेव्हा ठेका असा धरला गेला की सगळी बाकं डुलायला लागली. शकू बसली होती, पण तिचे पाय बसत नव्हते. सकाळी तिनं बांधाकडं बघायचंसुद्धा टाळलं होतं. झाकण उघडायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं. आणि मग खिडकीतून तिला बांधाकडं जाणारी परेशची गाडी दिसली.

शेवटचं आमेन म्हणता म्हणताच ती उठली. तिच्यामागं केतन, मनस्वी, आणि मग कुणी न सांगता सगळं चर्चच. साड्या, झब्बे, पोरांचे नवे बूट, पाळकांचा पांढरा झगा. गोदूही पदराला हात पुसत आली. कुणी चालत नव्हतं, सगळे पळत होते.

परेश बांधावर उभा होता. एकटा. समोर कप्प्यात पाणी होतं, वर निळं आभाळ पडलेलं.

"काका," तो म्हणाला, "मला तर पाणीच दिसतंय."

तुळशीराम मागून धापा टाकत आला. शकूनं परेशकडं बघितलं, मग त्याच्या बुटांकडं.

"बूट काडा शेठ. पायानं बगा."

परेश घोटाळला. सगळी वाडी बघत होती. त्यानं बूट काढले, मोजे काढले, पॅंट दुमडली आणि पाय पाण्यात टाकला. आणि "अरे!" म्हणून ओरडला. पाय मागं घेतला, पुन्हा टाकला. वाकून मूठ भरली आणि वर काढली. मुठीतून पाणी निथळलं आणि राहिलं ते मीठ. टपोरं, चौकोनी, ओल्या काचेसारखं.

"हे सगळीकडं आहे?"

"चालून बगा ना."

तो चालला. पायाखाली करकर वाजत होतं. कप्प्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो गेला, वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की पोरं टाळ्या वाजवायला लागली. "बाबा मला लहानपणी इथं उभं करायचे," तो म्हणाला. "टोचतंय म्हणून मी रडायचो."

त्यानं पाण्यात उभ्यानंच फोन लावला. "हॅलो. नाही, आता नाही. मीठ आलंय. हो, मीठ. पावसाळ्यापर्यंत तरी थांबावं लागेल. नसेल थांबायचं तर दुसरीकडं बघा." पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोललं गेलं. परेशनं फोन खिशात टाकला.

"काय म्हनले?" केतननं विचारलं.

"चिडले. पावसाळ्यानंतरचं मला आज सांगता यायचं नाही, काका. खोटं कशाला बोलू? पण हा हंगाम तुमचा."

"हंगाम मिळाला, बास," तुळशीराम म्हणाला. "पुडचं पुडं. वाट बगायची सवय हाय आमाला."

मग कुणीतरी गाणं सुरू केलं. केतननं झोपडीतून फळ्या आणल्या. नव्या साड्यांचे पदर खोचले गेले, नवे बूट बांधावर रांगेत पडले. पाळकांनी झगा काढून काटेरी झुडपावर टाकला. मीठ ओढायला लागलं तसं पाणी ढवळलं आणि पांढरा ढीग वर यायला लागला, आधी पाटीएवढा, मग गुडघ्याएवढा, मग मनस्वीच्या कमरेएवढा. गोदूनं चिमूटभर तोंडात टाकलं आणि डोळे मिटून घेतले. परेश करंजी खात बांधावर बसला होता, पाय अजून ओलेच.

शकू पाट्या वाहत होती. डोक्यावरून खारं पाणी कानात, मानेत ओघळत होतं. टाचांच्या भेगा झोंबत होत्या आणि ती हसत होती. दिवस मावळतीला लागला तेव्हा पहिला कप्पा रिकामा झाला. उघडा, ओला तळ उन्हात चकाकत होता.

"चला आता, करंज्या खा," तुळशीराम म्हणाला. "पुरे आजच्याला."

"तुमी व्हा पुडं." शकूनं पाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि तापवणीकडं चालायला लागली. "रिकाम्या कप्प्यात पानी सोडून येते. आजच सोडलं तर परत धरायला लागंल."